पू येणाऱ्या, न जुळलेल्या नडगीत काय भरावं? हाड वाढवणारी आणि जंतू रोखणारी मटेरियल, आणि त्यांच्या मर्यादा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकीचं समजलं असेल तर दुरुस्त करा. भावाचं वय ३६. दुचाकीच्या अपघातात उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, जखम धुतली, नंतर प्लेट बसवली. पाच महिने झाले तरी हाड जुळलेलं नाही. नडगीवरच्या एका बारीक भोकातून पू येतो, गोळ्या चालू असल्या की थांबतो आणि बंद केल्या की पुन्हा सुरू होतो. डॉक्टर म्हणतात, प्लेट काढून अँटिबायोटिक घातलेलं सिमेंट भरू आणि दीड-दोन महिन्यांनी कमरेचं हाड काढून तिथे भरू. तुम्ही बायोग्लास, चांदीचा मुलामा वगैरे वाचलंय. पैशांची जमवाजमव करून तसं काही मागवलं तर दुसरं ऑपरेशन टळेल का, असं तुम्ही विचारलंय.

पोकळी चारी बाजूंनी हाडाने वेढलेली असेल आणि उरलेलं हाड भार पेलण्याजोगं असेल, तर एका टप्प्यात काम होऊ शकतं. हाडाचा आरपार तुकडाच काढावा लागला, तर कुठलंही मटेरियल दुसरा टप्पा टाळण्याची खात्री देत नाही. यातलं नक्की काय होणार हे एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून अंदाजाने कळतं. मेलेलं हाड काढून झाल्यावर किती उरलं हे मात्र ऑपरेशनच्या टेबलावरच दिसतं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी आजच एका ऑपरेशनचा शब्द दिला नाही, हे मला योग्यच वाटतं.

आता कारणं. त्या जागी चार वेगवेगळी कामं करायची आहेत: मेलेलं हाड काढल्यावर उरलेली पोकळी भरणं, तिथे अँटिबायोटिक पोचवणं, नवं हाड वाढायला आधार आणि चालना देणं, आणि हाड जुळेपर्यंत पायाचा भार पेलणं. जाहिरातीत एकच वस्तू ही सगळी कामं करते असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वस्तू दोन करते, फार तर तीन, आणि चौथ्यात कमी पडते. निवड करताना कुठल्या कामात कमी पडलेलं चालेल हेच बघायचं असतं.

धातूवर जंतू इतके चिवट का होतात, हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या कातडीत पू व्हायला एरवी स्टॅफिलोकॉकस जातीचे लाखो जंतू लागतात, पण रेशमी टाक्याचा एक धागा आत असेल तर काहीशे पुरतात. प्लेट-स्क्रू म्हणजे त्या धाग्याचा कितीतरी मोठा भाऊ. बाहेरच्या कुठल्याही वस्तूवर जंतू काही तासांत चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट थर विणतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. त्या थरातले जंतू मारायला एरवीच्या शेकडो पट, कधी हजार पट जास्त औषध लागू शकतं, आणि तेवढं रक्तातून पोचवणं शरीराला झेपत नाही. भावाचा पू गोळ्यांनी थांबतो आणि परत येतो, त्याचं कारण हेच. गोळ्या थरातून सुटून भटकणारे जंतू मारतात, थर तसाच राहतो. शिवाय रक्तपुरवठा तुटलेलं मेलेलं हाडसुद्धा जंतूंसाठी बाहेरच्या वस्तूसारखंच असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर हाडातल्या अतिसूक्ष्म नलिकांमध्येही शिरून बसतो.

१९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवलेली कुठलीही वस्तू, आत गेलं की शरीराच्या पेशी आणि जंतू दोघंही त्यावर जागा धरायला धावतात, आणि आधी पोचेल तो टिकतो. हाड वाढवणाऱ्या आणि जंतू रोखणाऱ्या सगळ्या मटेरियलचं संशोधन या शर्यतीभोवती फिरतं. अडचण अशी की हाडाच्या पेशींना जे आवडतं ते जंतूंनाही बऱ्याचदा आवडतं. हाड चिकटायला टायटॅनियमचा पृष्ठभाग एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खडबडीत असला तर उत्तम, आणि स्टॅफिलोकॉकसचा एक जंतू साधारण एक मायक्रॉनचाच असतो. हाड आत वाढायला ३०० ते ६०० मायक्रॉनची छिद्रं लागतात, पण तीच छिद्रं एकदा पू शिरला की धुता येत नाहीत.

यातून एक गोष्ट निघते जी इंटरनेटवरच्या लेखांत क्वचितच असते: प्रत्येक इम्प्लांटवर हाड वाढावं अशी आपली इच्छाच नसते. सिमेंटशिवाय बसवलेला कृत्रिम खुबा आयुष्यभर राहायचा असतो, तिथे हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा, ५० ते १५० मायक्रॉनचा थर फवारलेला दांडा घेतात, कारण हाड त्याला घट्ट धरतं. नडगीची प्लेट मात्र कधीतरी काढावी लागू शकते. टायटॅनियमच्या प्लेटवर हाड चढलं आणि लॉकिंग स्क्रूचं (ज्याचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी बसतं त्या स्क्रूचं) डोकं प्लेटमध्ये जाम झालं, की डोक्यातली पान्याची खाच घासते, ड्रिलने डोकी उडवावी लागतात आणि अर्ध्या तासाचं काम तीन तासांवर जातं. तेव्हा भावाच्या पायात पुन्हा प्लेट किंवा हाडाच्या नळीत बसणारी सळई घालायची झाली, तर ती हाड वाढवणारी असावी असा आग्रह धरू नका. ती गुळगुळीत आणि भक्कम असली की झालं. हाड वाढवायचं ते पोकळीत.

चांदीच्या मुलाम्याबद्दल तुम्ही विचारलंय. चांदीचे आयन जंतू मारतात हे खरं, पण जास्त झाले की हाडाच्या पेशींनाही मारतात. म्हणून चांदीचा मुलामा मुख्यतः कॅन्सरनंतर बसवतात त्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर येतो. तिथे मुलाम्याचा भाग स्नायूंच्या आत असतो आणि त्यावर हाड चिकटायची अपेक्षाच नसते. जपानमधल्या कानाझावात आयोडीनचा थर दिलेलं टायटॅनियम वापरलं जातं. युरोपात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलेल्या, विरघळणाऱ्या प्लास्टिकचा पातळ लेप असलेली नडगीची सळई आली. ती ताज्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये पहिल्याच ऑपरेशनला घालण्यासाठी आहे, कारण तिचं औषध पहिले काही दिवस-आठवडे सुटतं. पाच महिने मुरलेल्या पूवर हा इलाज नाही. सिकाडा किड्याच्या पंखावरच्या सूक्ष्म सुळक्यांची नक्कल करून जंतूंची कातडी फाडणारे पृष्ठभागही प्रयोगशाळेत बनतात. कल्पना सुंदर आहे. पण मेलेल्या जंतूंचा आणि रक्तातल्या प्रथिनांचा थर त्या सुळक्यांवर साचला की पुढचे जंतू त्यावर आरामात बसतात. सध्या त्यासाठी थांबून राहू नका.

पोकळीत भरायच्या पर्यायांवर जरा सविस्तर बोलतो, कारण तुमचा निर्णय तिथेच आहे.

डॉक्टरांनी सुचवलेलं सिमेंट म्हणजे पीएमएमए, एक प्रकारचं ॲक्रिलिक. हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्झ यांनी १९७० च्या सुमारास त्यात जेंटामायसिन मिसळून वापरायला सुरुवात केली. हे विरघळत नाही आणि हाडही वाढवत नाही. पोकळी भरतं, थोडा आधार देतं आणि रक्तातून कधीच पोचणार नाही एवढं औषध जागेवर सोडतं. आपल्याकडे ४० ग्रॅमच्या एका पाकिटात साधारण २ ते ४ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची पावडर घालतात, बऱ्याचदा आधीच जेंटामायसिन असलेल्या सिमेंटमध्ये. औषध पावडर स्वरूपात आणि उष्णता सहन करणारं हवं, कारण सिमेंट आवळताना तापतं. आधी दोन्ही पावडरी नीट एकत्र करायच्या, गुठळ्या मोडायच्या, मग द्रव ओतायचा. इंजेक्शनच्या बाटलीतलं पातळ जेंटामायसिन ओतलं तर सिमेंट बरंच कमकुवत होतं. पावडरीचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं तरी ताकद घटते. पण तात्पुरत्या ठोकळ्याला ते चालतं, कृत्रिम सांधा चिकटवायला चालणार नाही. हाताने ढवळलेल्या सिमेंटमध्ये हवेचे बुडबुडे राहतात आणि त्यामुळे औषध उलट जास्त सुटतं.

औषधाचा मोठा हिस्सा पहिल्या काही दिवसांत बाहेर येतो, पुढे आठवडेच्या आठवडे अगदी थोडं थोडं. महिन्याभरानंतर ते सिमेंट जवळजवळ नुसता दगड असतो, आणि त्यावरही बायोफिल्म धरू शकते. म्हणूनच ते कायमचं आत ठेवून विसरून जायचं नसतं.

मग दीड-दोन महिने ठेवायचं कशाला? सिमेंटच्या ठोकळ्याभोवती शरीर एक पातळ पडदा तयार करतं. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि हाड वाढवणारी द्रव्यं त्यातून पाझरतात. फ्रान्सच्या मास्केले यांची ही पद्धत. सहा ते आठ आठवड्यांनी तो पडदा उभा चिरायचा, ठोकळा काढायचा, दोन्हीकडच्या हाडांच्या नळीची तोंडं उघडायची, आत हाडाचे बारीक तुकडे भरायचे आणि पडदा पुन्हा शिवायचा. पडदा नसेल तर भरलेलं हाड आजूबाजूचे स्नायू व्यापतात आणि ते विरघळून जातं. त्यामुळे या पद्धतीत दुसरं ऑपरेशन हाच इलाजाचा भाग असतो. पहिलं फसलं म्हणून ते करावं लागतं, असं नाही. काही बारकावे परिणाम ठरवतात. सिमेंट मण्यांच्या रूपात न घालता अखंड ठोकळा हवा. तो दोन्ही हाडांच्या टोकांवर थोडा बाहीसारखा चढलेला हवा, नाहीतर ठोकळा आणि हाड जिथे भेटतात तिथेच पडदा तुटक राहतो आणि हाड नेमकं तिथेच जुळत नाही. आणि सिमेंट आवळत असताना त्यावर थंड सलाइन ओतत राहायचं.

दुसरा पर्याय कॅल्शियम सल्फेट, म्हणजे शुद्ध केलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस. जर्मनीत ड्रेसमान यांनी १८९२ मध्येच ते हाडाच्या पोकळ्यांत भरलं होतं. आज त्याचे औषधी मणी बनवतात: १० मिलीच्या किटमध्ये बहुधा १ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन आणि २४० मिलिग्रॅम जेंटामायसिन. जवळजवळ सगळं औषध सुटतं आणि मणी काढायला पुन्हा उघडावं लागत नाही. अडचण वेगाची आहे. मणी एक-दोन महिन्यांत विरघळतात, हाड त्या वेगाने भरत नाही, आणि मोठी पोकळी रिकामीच राहते. विरघळताना पांढरट पाणी झिरपतं. नडगीवर कातडी पातळ असल्यामुळे ते जखमेतून बाहेर येतं आणि घरचे लोक पू समजून घाबरतात. जास्त मणी भरले तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, आणि मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर जेंटामायसिनही बाधतं. म्हणून नंतरच्या आठवड्यात रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीन तपासायला सांगा. स्वीडनमध्ये बनणाऱ्या एका मिश्रणात ६० टक्के कॅल्शियम सल्फेट, ४० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि दर मिलीला १७.५ मिलिग्रॅम जेंटामायसिन असतं. सल्फेट विरघळून जागा करतं, ॲपेटाइट मागे सांगाडा म्हणून राहतं. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बंदिस्त पोकळीसाठी विचार करण्याजोगं आहे. पण त्यातलं औषध कारखान्यातूनच ठरलेलं येतं, म्हणून भावाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, जेंटामायसिनला न जुमानणारा जंतू निघाला तर त्याचा अर्धा अर्थ गेला.

तुम्ही वाचलेला बायोग्लास. १९६९ मध्ये फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी पहिली काच बनवली: ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडं प्रत्येकी २४.५ टक्के, फॉस्फरसचं ६ टक्के. हाडाच्या पुवासाठी जी वापरतात ती एस५३पी४, फिनलंडच्या तुर्कू शहरात विकसित झालेली, ५३ टक्के सिलिकाची. ती ओली झाली की सोडियम बाहेर येतं, आसपासचा सामू वाढतो, क्षारांची तीव्रता वाढते, आणि जंतूंना तिथे जगणं अवघड होतं. त्याच वेळी कणांवर सिलिकाचा जेलीसारखा थर आणि त्यावर हाडातल्या खनिजासारखा कॅल्शियम-फॉस्फेटचा थर बसतो. त्याला हाड चिकटतं. अँटिबायोटिक न घालताही ती जंतू रोखते, म्हणून बऱ्याच औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये तिचा विचार होतो. एका टप्प्यात ऑपरेशन उरकण्याचा हाच सगळ्यात प्रामाणिक दावेदार आहे.

पण तिच्या अटी आहेत. पोकळी वाटीसारखी हवी, आरपार नको, कारण हे सुटे कण भार पेलत नाहीत. मेलेलं हाड पूर्ण निघालेलं हवं, कारण काचेचा परिणाम तिच्या लगतच होतो, दूर पोचत नाही. कण सलाइनने ओले करून पोकळी भरायची, पण ठोकून चुरा करायचा नाही, नाहीतर मधली जागा बुजते आणि रक्तवाहिन्या आत येत नाहीत. वरून जिवंत कातडी किंवा स्नायूचं पांघरूण मिळालंच पाहिजे. कण एक्स-रेवर वर्षानुवर्षं दिसत राहतात. पुढे कुणी ते बघून 'आत काहीतरी राहिलंय' म्हणालं तर घाबरू नका.

नुसतं हायड्रॉक्सीॲपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, ज्याला दुकानदार 'कृत्रिम हाड' म्हणतात, ते हाडाला फक्त चढायला मांडव देतं. जंतू मारत नाही, आणि पू असलेल्या जागी एकटं भरलं तर जंतूंनाच आसरा देतं. ते दुसऱ्या टप्प्यात, जागा स्वच्छ झाल्यावर, स्वतःच्या हाडात मिसळायला उपयोगी. मी एक भाग कृत्रिम आणि तीन भाग स्वतःचं याच्या पुढे जात नाही.

कमरेचं स्वतःचं हाड अजूनही सर्वांत वरचढ आहे, कारण त्यात जिवंत पेशी, चालना देणारी द्रव्यं आणि सांगाडा तिन्ही असतं. पण ते मोजकं असतं. नडगी अडीच सेंटिमीटर जाड धरली आणि तुकडा चार सेंटिमीटरचा गेला, तर जवळजवळ २० मिली हाड लागतं. कमरेच्या एका बाजूने पुढून साधारण २० ते ३० मिली निघतं. त्याहून मोठी पोकळी असेल तर दोन्ही बाजू, किंवा मांडीच्या हाडाच्या नळीतून खरवडून घेणं, किंवा मग रिंगा लावून हाड सरकवणं. ही इलिझारोव्ह पद्धत: दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून. पोकळीत काही भरावं लागत नाही, शरीर स्वतःच नवं हाड काढतं. पण दर सेंटिमीटरमागे साधारण दीड महिना रिंगा पायात राहतात आणि पिनांच्या तोंडाशी पू होत राहतो. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा थर दिलेल्या पिना तिथे खरोखर कामाच्या आहेत, कारण त्या हाडात लवकर ढिल्या पडत नाहीत. जादा पैसे खर्च करायचेच असतील तर ही एक रास्त जागा.

आता ज्याच्यावर मटेरियलपेक्षा जास्त अवलंबून आहे ते. ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. ताप, थंडी किंवा पाय लाल-गरम असेल तर मात्र नाही, आणि स्वतःच्या मनाने तर नाहीच. ऑपरेशनमध्ये खोलवरचे किमान पाच नमुने, प्रत्येक वेगळ्या स्वच्छ हत्याराने घ्यायला हवेत. भोकाच्या तोंडाशी कापूस फिरवून केलेलं कल्चर कातडीवरचे जंतू दाखवतं आणि दिशाभूल करतं. एक नमुना पॅथॉलॉजीला आणि एक टीबीच्या तपासणीला जायलाच हवा. आपल्या भागात हे विसरणं परवडत नाही, कारण स्टॅफिलोकॉकससाठी इम्प्लांटसोबत देतात ते रिफॅम्पिसिन टीबीचंही औषध आहे. टीबी असताना ते इतर औषधांशिवाय दिलं तर रोग दबतो आणि जंतू औषधाला सरावतो. रिफॅम्पिसिन एकटं कधीच देत नाहीत, आणि जखम कोरडी होण्याआधी सुरू करत नाहीत.

मेलेलं हाड किती काढायचं हे तासताना बारीक रक्ताचे थेंब उमटतात का यावरून ठरतं. इथे हात राखला तर पुढचं सगळं वाया. ढिली प्लेट पू पोसते, म्हणून ती काढून बाहेरचा फिक्सेटर (कातडीबाहेरून पिनांनी हाड धरणारा सांगाडा) किंवा सिमेंटचा लेप दिलेली सळई घालतात. प्लेट घट्ट असती आणि हाड जुळत आलं असतं, तर ती जुळेपर्यंत ठेवण्याचाही पर्याय असतो. पाच महिन्यांनंतर, अजिबात न जुळलेल्या हाडात, तो सहसा उरत नाही. नडगीवरची कातडी कमी पडणार असेल तर प्लास्टिक सर्जन पहिल्याच ऑपरेशनला हजर हवा. मटेरियलवरचे पैसे मी आधी तिथे वळवेन.

भावाला साखर आहे का, तंबाखू किंवा बिडी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि भरलेलं हाड उपाशी राहतं. दोन्ही टप्प्यांच्या आधी आणि हाड जुळेपर्यंत मिश्रीसकट सगळं बंद.

तुमच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा इतकंच विचारा: सीटीवर पोकळी बंदिस्त दिसते की आरपार? बंदिस्त निघाली तर एका टप्प्यात बायोग्लास किंवा अँटिबायोटिक घातलेलं कॅल्शियम सल्फेट भरण्याची तयारी ठेवता येईल का, आणि आरपार निघाली तर आधी सांगितलेलाच मार्ग? म्हणजे दोन्ही गोष्टींची सामग्री त्या दिवशी हाताशी ठेवता येते. सरकारी योजनेतून करणार असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पॅकेजमध्ये काय येतं आणि काय बाहेरून आणावं लागेल हे आधीच लिहून घ्या. बाहेरून आणाल त्यावर बॅच नंबर, मुदत आणि आयात किंवा उत्पादन परवान्याचा क्रमांक असलाच पाहिजे. पाकिटावरचे स्टिकर एक केसपेपरवर आणि एक तुमच्या फायलीत चिकटवून ठेवा. पुढे कुठल्याही डॉक्टरला प्लेट काढायची वेळ आली तर कुठला पाना लागेल हे त्यावरूनच कळतं.